वय झालें, चालायचेंच

मनुष्यानें मनुष्याच्या दुःखाचा निकाल लावण्यासाठीं जीं वाक्यें बनविलीं आहेत, त्यांत 'वय झालें, चालायचेंच' याइतकें सोपें, सर्वमान्य व दिसावयास निरुपद्रवी असें दुसरें वाक्य क्वचितच सांपडेल. तें उच्चारतांना बोलणाराचा स्वर सहानुभूतीचा असतो. ऐकणाराहि बहुधा मान डोलावतो. आणि तेवढ्यावर विषय संपतो. वृद्ध माणसाची कंबर दुखूं लागली म्हणजे हें वाक्य ज्या तत्परतेनें बाहेर पडतें, ती तत्परता दुसऱ्या दुखण्यांच्या वेळीं दिसत नाहीं. ताप आला तर आपण ताप मोजतों, दिसेनासें झालें तर मोतीबिंदु काढवितों, दांत हालूं लागला तर तो उपटवितों. परंतु कंबर दुखते म्हटलें कीं दुखणाराचें वय मोजतों. या वाक्यानें काय सांगितलें जातें आणि काय टाळलें जातें, याचा थोडा विचार करावा अशी आमची इच्छा आहे.

ही इच्छा आम्हांस नाकाडोंगरीस झाली. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत हें गांव आहे. भंडारा हा तलावांचा व धानाचा जिल्हा. तुमसरची तांदळाची बाजारपेठ सर्वश्रुत आहे. या भागांत पोट भरण्याचे जे मार्ग आहेत ते एक एक करून पाहिले म्हणजे ध्यानांत येतें कीं येथील जवळजवळ प्रत्येक काम वांकून करावें लागतें. पावसाळ्यांत रोवणी. पऱ्हे उपटून त्यांच्या पेंढ्या बांधावयाच्या, चिखल केलेल्या बांधींत पोटरीभर पाण्यांत उतरावयाचें, आणि कमरेंत काटकोन करून, मागें मागें सरत, बोटांनीं रोपें चिखलांत खोंवीत दिवस काढावयाचा. पुढें कापणी, पुन्हां वांकणें, कडपा पसरणें, भारे बांधणें, ते डोक्यावर घेऊन पुंजण्यापर्यंत नेणें. मार्च-एप्रिलमध्यें पहांटे उठून मोहाचीं फुलें वेंचावयाचीं, तीं जमिनीवर पडलेलीं असतात. मग ऊन तापूं लागलें कीं तेंदूचीं पानें. आणि तीं उंच झाडावरचीं नव्हत, छाटलेल्या खुंटांना फुटलेल्या कोंवळ्या धुमाऱ्यांचीं पानें विडीला चांगलीं, म्हणून तींहि वांकूनच खुडावीं लागतात. शिवाय या तालुक्यांत डोंगरी बुजुर्ग व चिखला येथें मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गचें खनिज विजेरीच्या सेलांत वापरलें जातें. यंत्रें येण्यापूर्वीं असल्या खाणींतून दगड फोडणें, निवडणें व टोपल्यांनीं वाहणें हें सारें माणसांच्या अंगावर होतें, आणि त्या माणसांत स्त्रिया फार होत्या.

आम्ही गेलों तेव्हां रोवणी चालू होती. पंधरावीस बायका एका रांगेंत वांकलेल्या होत्या, आणि रांगेच्या कडेला एक आजी होती. तिचें वय सत्तरीच्या पलीकडचें असावें. बांधी संपली तशा बाकीच्या बायका उभ्या राहिल्या व बोलत बोलत धुऱ्याकडे निघाल्या. आजी मात्र लगेच उभी राहिली नाहीं. तिनें प्रथम दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. मग तळवे मांड्यांवरून हळूहळू वर सरकवीत, शिडीच्या एक एक पायरीवर चढावें तशी, ती उभी राहिली. आणि उभी राहिल्यावरहि ती पुरती सरळ झाली नव्हती. ती जवळ आल्यावर आम्ही विचारलें, "आजी, कंबर फार दुखते काय?" ती हंसली. "दुखते न जी. पण आता वय झालं." शेजारून तिची सून म्हणाली, "घरी बस म्हटलं तं आयकत नाही जी." त्यावर आजी सुनेकडे न पाहतां म्हणाली, "घरी बसून का करू?"

या तीन वाक्यांत आमचा सगळा विषय आला, असें आम्हांस पुढें वाटूं लागलें.

'वय झालें' हें वाक्य तीन तोंडांतून निघतें, आणि प्रत्येक तोंडांत त्याचा अर्थ निराळा असतो. वृद्ध स्वतः म्हणतो तेव्हां त्यांत बहुधा सौजन्य असतें. आपल्या दुखण्यानें दुसऱ्यास अडचण होऊं नये, कुणाचा एक दिवसाचा रोज बुडूं नये, तुमसरच्या दवाखान्याचा फेरा व मोटारीचें भाडें कुणावर पडूं नये, म्हणून तो आपल्या तक्रारीस आपणच उत्तर देऊन टाकतो. घरचीं माणसें म्हणतात तेव्हां त्यांत प्रेम असूं शकतें, पण त्याबरोबर सुटकाहि असते. आणि वैद्य म्हणतो तेव्हां तें निदानाच्या जागीं येऊन बसतें. तिघांचें एकमत झाल्यावर चौथ्याला बोलावयास जागा राहत नाहीं. दुखणें मात्र राहतें.

आतां पहिला प्रश्न असा, कीं हें वाक्य खरें तरी आहे काय? वाढत्या वयाबरोबर कंबरदुखीचें प्रमाण वाढत जातें, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत तें अधिक असतें, एवढें निर्विवाद आहे. साऱ्या जगांत २०२० साली सुमारें ६१ कोटी ९० लक्ष माणसांस कंबरदुखी होती असा जागतिक रोगभाराच्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि मनुष्यास अपंग करणाऱ्या कारणांत ती अग्रस्थानीं आहे. परंतु एखादी गोष्ट वयाबरोबर वाढते म्हणून वय हेंच तिचें कारण होतें, असें म्हणणें तर्काला धरून नाहीं. वयाबरोबर नातवंडांची संख्याहि वाढते.

येथें थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. १९३४ साली बोस्टन येथील मिक्स्टर व बार या दोन शस्त्रवैद्यांनीं, मणक्यांमधील चकती फाटून तिचा भाग नसेवर दाबला गेल्यानें पायांत कळ जाते, असें दाखवून दिलें. त्या शोधानें अनेकांचे हाल वांचले, ही गोष्ट कृतज्ञतेनें सांगितली पाहिजे. पण त्यापासून अशीहि एक समजूत जगभर पसरली कीं कंबर दुखते त्या अर्थीं चकतींत कांहीं तरी मोडलें असलेंच पाहिजे, आणि तें चित्रांत दिसलेंच पाहिजे. आपल्याकडे 'गादी सरकली', 'मणक्यांत गॅप आला' हे शब्द खेड्यापाड्यांतून ऐकूं येतात ते त्याच समजुतीचे वंशज आहेत. पुढें शरीराच्या आंतलें चित्र काढण्याचीं साधनें आलीं, आणि मग एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. २०१५ साली एका आढाव्यांत, ज्यांची कंबर मुळींच दुखत नाहीं अशा ३,११० माणसांच्या चित्रांची मोजदाद ३३ अभ्यासांतून एकत्र करण्यांत आली. त्यांत विशींतल्या माणसांपैकीं ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. आणि ऐंशी वर्षांच्या माणसांत तें प्रमाण ९६ टक्के होतें. हीं सारीं न दुखणारीं माणसें, हें वाचकांनीं विसरूं नये.

याचा अर्थ नीट लक्षांत घेतला पाहिजे. ऐंशीव्या वर्षीं चकती झिजणें हें केंस पांढरे होण्यासारखेंच सार्वत्रिक आहे. पण केंस पांढरे झाल्यानें ज्याप्रमाणें डोकें दुखत नाहीं, त्याप्रमाणें चकती झिजल्यानेंच कंबर दुखते असें नाहीं. तेव्हां जो म्हातारा कण्हत आहे आणि जो म्हातारा त्याच्याच ओट्यावर बसून तंबाखू मळीत आहे, त्या दोघांचें वय सारखें व चित्रेंहि बहुधा सारखींच. मग एक कां कण्हतो आणि दुसरा कां नाहीं? 'वय झालें' या उत्तरानें हा प्रश्न सुटत नाहीं. तो विचारलाच जात नाहीं.

आणि न विचारल्यामुळें जें घडतें तें नेहमींच निरुपद्रवी नसतें. वृद्ध स्त्रियांचीं हाडें विरळ होतात, आणि मग पाण्याची घागर उचलण्याच्या निमित्तानेंहि मणका आंतल्या आंत दबून मोडतो. पडणें नाहीं, मार नाहीं, रक्त नाहीं. त्यामुळें हाड मोडलें आहे हें कुणाच्या स्वप्नांतहि येत नाहीं. उंची दोन बोटें कमी होते, पाठीला पोक येतें, आणि घरचे म्हणतात, बुढी आतां वांकली. मणक्याचा क्षय हा रोग पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शस्त्रवैद्यानें १७७९ साली वर्णिला. आपल्या देशांत तो आजहि आहे, औषधानें बरा होतो, आणि ओळखण्यास उशीर झाला तर पाय घेऊन जातो. रात्रीं निजल्यावरहि न थांबणारें दुखणें, बारीक ताप, उतरत चाललेलें वजन, पायांतली शक्ति जाणें, लघवीचा ताबा सुटणें, या गोष्टी 'वय' या शब्दाखालीं झांकून ठेवण्याच्या नव्हत. असे रोगी थोडे असतात हें खरें. पण थोड्यांना शोधावयाचें तर सर्वांनाच विचारावें लागतें.

आणखी एका प्रकाराचा उल्लेख आम्हांस मुद्दाम करावासा वाटतो. मज्जेच्या नसा जींतून खालीं उतरतात ती मणक्यांतील नळी कांहीं वृद्धांत अरुंद होते. १९५४ साली फर्बीस्ट या डच शस्त्रवैद्यानें हा विकार स्पष्टपणें मांडला. असा मनुष्य थोडें चालला कीं त्याचे पाय जड होतात, मुंग्या येतात, कंबर धरते. आणि पुढें वांकला किंवा बसला कीं त्या नळीला थोडी जागा मिळून त्याला आराम पडतो. म्हणून तो काठीवर रेलून, गाडीला किंवा सायकलला टेकून, वांकून चालतो. बघणाराला वाटतें, वांकला म्हणून याची कंबर दुखते. वस्तुतः कंबर दुखूं नये म्हणून तो वांकतो. एकाच वांकलेल्या पाठीचा अर्थ इतका उलटा असूं शकतो, आणि तो त्या माणसाला विचारल्याशिवाय कळण्यासारखा नाहीं.

विचारावयाचें तें काय? इटलींतील रामात्सिनी नांवाच्या वैद्यानें १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें असें सुचविलें कीं, जुन्या आचार्यांनीं रोग्यास विचारावयाचे जे प्रश्न सांगून ठेविले आहेत, त्यांत आणखी एकाची भर घालावी: तुमचा धंदा कोणता? आम्हांस हा प्रश्न वैद्यकाचा जितका वाटतो तितकाच नीतीचा वाटतो. 'तुमचें वय किती' या प्रश्नानें दुखण्याचा संबंध काळाशीं जोडला जातो, आणि काळाला जाब विचारतां येत नाहीं. 'तुमचा धंदा कोणता' या प्रश्नानें तो संबंध आपल्या ताटांतल्या भाताशीं जोडला जातो. जपानहि भाताचाच देश. तेथील वृद्ध शेतकरी स्त्रियांत कमरेपासूनच पुढें वांकलेल्या पाठी फार आढळत, आणि १९८८ साली तेथील शस्त्रवैद्यांनीं त्या विकाराचें सविस्तर वर्णन करून, वर्षानुवर्षें वांकून केलेल्या शेतकामाकडे बोट दाखविलें. त्या स्त्रियांचीं चित्रें पाहतांना आम्हांस आपल्या धानाच्या बांध्या आठवतात.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाहीं. फिनलंडमधील एकबीज जुळ्या भावांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील दोघां भावांचे धंदे पुष्कळदां अगदीं भिन्न होते, एकाचा अंगमेहनतीचा तर दुसऱ्याचा बैठा. तरीहि दोघांच्या मणक्यांची झीज एकमेकांसारखी निघाली. श्रमाच्या ओझ्यापेक्षां आनुवंशिकतेचा व एकत्र गेलेल्या बालपणाचा प्रभाव कितीतरी अधिक ठरला. तेव्हां श्रमानेंच कंबर गेली आणि म्हणून समाज ऋणी आहे, हा युक्तिवाद शास्त्राच्या कसोटीस सर्वस्वीं उतरत नाहीं, असें कुणी म्हणेल. आम्हीहि कांहीं काळ या आक्षेपापुढें थबकलों होतों. परंतु विचार केला तर असें दिसतें कीं ऋण हें कारणावर अवलंबून नसतें. ज्या कमरेनें पन्नास पावसाळे रोवणी केली, ती रोवणीनेंच दुखते कीं बापाकडून आलेल्या हाडांमुळें दुखते, यावरून त्या पन्नास पावसाळ्यांचा तांदूळ आपण खाल्ला कीं नाहीं हें ठरत नाहीं. तो आपण खाल्ला आहेच. शिवाय झीज आणि दुखणें या दोन भिन्न गोष्टी आहेत हें वर आलेंच आहे. आणि दुखऱ्या कमरेनेंच पुन्हां रोवणीस जावें लागणें, ही तर आनुवंशिकता खासच नव्हे.

आपल्या जुन्या शास्त्रकारांचें या बाबतींतलें वर्तन आम्हांस अनुकरणीय वाटतें. आयुर्वेदानें वार्धक्य हा वाताचाच काळ ठरविला आहे. म्हणजे 'वय झालें' हें त्यांनींहि म्हटलें. परंतु तेवढें म्हणून ते थांबले नाहींत. त्यांनीं कटिशूल निराळें केलें. पायांत उतरणाऱ्या कळेस गिधाडाच्या चालीवरून गृध्रसी असें नांव देऊन ती वाताच्या ऐंशी विकारांत घातली. आणि स्नेहन, स्वेदन, बस्ति असे उपचार सांगितले. ते उपचार कितपत गुणकारी, हा वाद येथें नको. काळाचा धर्म म्हणून त्यांनीं चिकित्सा सोडून दिली नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें.

आतां आजीच्या तिसऱ्या वाक्याकडे वळूं. 'घरी बसून का करू?' येथें प्रश्न खरोखर अवघड होतो.

एके काळीं वैद्य कंबरदुखीस दिवसचे दिवस खाटेवर पडून राहावयास सांगत. आज कोणताहि जाणता वैद्य तसें सांगत नाहीं. १९८६ साली अमेरिकेंतील एका प्रयोगांत, दोन दिवस पडून राहिलेल्यांपेक्षां सात दिवस पडून राहिलेल्यांना अधिक लाभ झाला नाहीं असें दिसून आलें, आणि त्यानंतर मत उत्तरोत्तर विश्रांतीच्या विरुद्ध जात राहिलें. डिसेंबर २०२३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें दीर्घकाळच्या कंबरदुखीसंबंधीं, वृद्धांसह सर्व प्रौढांकरितां, मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. त्यांत रोग्यास दुखण्याची नीट समज देणें, व्यायाम, मर्दनादि कांहीं उपचार, मनाचा आधार यांस स्थान आहे. आणि कमरेचे पट्टे, वजन लावून ताण देणें व अफूच्या वर्गांतलीं वेदनाशामक औषधें हीं नेहमींच्या उपचारांत नसावींत असें सांगितलें आहे. बाजाराच्या दिवशीं जे पट्टे मोठ्या विश्वासानें विकत घेतले जातात त्यांची ही गत! थोडक्यांत, शास्त्र म्हणतें: हालतें राहा, कंबर कांचेची नाहीं, वांकणें हें विष नव्हे.

ठीक आहे. परंतु हेंच वाक्य बांधीच्या धुऱ्यावर उभें राहून उच्चारून पाहावें. 'हालतें राहा' हा उपदेश ज्याची सकाळ बागेंत फिरण्यांत जाते त्यास एका अर्थाचा होतो, आणि जीस आजचा रोज न मिळाला तर उद्यांच्या मिठाची पंचाईत आहे तीस दुसऱ्या अर्थाचा. तिच्या बाबतींत तो मालकाच्या सोयीचा उपदेश होऊं शकतो: बघा, डॉक्टरहि काम करा म्हणतात! उलट, सुनेनें सांगितलेलें 'घरी बस' हें दयेचें वाक्यहि तितकेंच निष्ठुर होऊं शकतें. घरीं बसलेल्या म्हातारीस घरांत कोणतें स्थान राहतें, हें तिला चांगलें ठाऊक असतें. रांगेंत ती आहे तोंवर तिला हांक मारणारे आहेत, गाणें म्हणतांना तिचा सूर लागतो, संध्याकाळीं हातावर चार पैसे पडतात आणि त्यांतून नातवाला खाऊ घेतां येतो. खाटेवर बसली कीं ती केवळ एक दुखणारी कंबर उरते. खानदानी घरांतून हा प्रकार अधिक सफाईनें चालतो. तेथें 'तुम्ही कशाला उठतां, बसा' असें आदरानें म्हणून वृद्धांस एकेका कामांतून, आणि मग एकेका निर्णयांतून, दूर केलें जातें.

तेव्हां विश्रांति कीं श्रम, हा प्रश्नच चुकीच्या रीतीनें मांडला जातो असें आम्हांस वाटतें. तेंच वांकणें, तोच चिखल, तीच कंबर. पण जें काम मनुष्य आपल्या मनानें, आपल्या वेगानें, दुखलें तर थांबण्याची मोकळीक ठेवून करतो, आणि जें काम थांबला तर उपाशी राहील म्हणून करतो, तीं दोन्हीं एक नव्हेत. वैद्यकाच्या चित्रांत या दोहोंतला फरक दिसत नाहीं. नीतीला तोच पाहावयाचा आहे. कंबर दुखत असतांहि काम करणें हें दुःख नसूं शकेल. काम सोडण्याचा अधिकार नसणें हें दुःख आहे, आणि काम करण्याचा अधिकार काढून घेतला जाणें हेंहि दुःखच आहे.

सरकारी नोकरास निवृत्तीचें वय असतें. बांधींतल्या मजुरास तें नसतें. २००७ च्या कायद्यानें आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली आहे, आणि त्या निर्वाहांत अन्न, वस्त्र, निवारा यांबरोबर औषधोपचारहि स्पष्टपणें घातला आहे. महाराष्ट्रांत पासष्ट वर्षांवरील निराधारांस श्रावणबाळ योजनेखालीं २०२३ सालापासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. आईबापांस कावडींत घालून खांद्यावरून नेणाऱ्या मुलाचें नांव या योजनेस देणाराची कल्पकता वाखाणण्याजोगी आहे. परंतु पंधराशे रुपयांत किती दिवसांचा रोज टाळतां येतो याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा. कायद्यानें अन्न देववितां येतें. म्हातारीनें 'दुखते' म्हटलें असतां तिच्यावर विश्वास ठेवावयास कोणताहि कायदा लावूं शकत नाहीं.

आणि विश्वास हीच येथें सर्वांत दुर्मिळ वस्तु आहे. कंबरदुखी दिसत नाहीं. तिला सूज नाहीं, व्रण नाहीं, तापमापकावर आंकडा नाहीं. आणि चित्र काढलें तर तें, वर सांगितल्याप्रमाणें, दुखणाराचें व न दुखणाराचें सारखेंच येतें. म्हणजे पुरावा काय तो एकच: त्या माणसाचा शब्द. दुसऱ्याच्या शब्दावर, आपणांस कांहीं दिसत नसतांना, विश्वास ठेवावयाचा कीं नाहीं, हा प्रश्न न्यायालयांत येवो कीं माजघरांत, तो विश्वास ठेवणाराच्या चारित्र्याची परीक्षा घेतो. ज्या घरांत सासूच्या कंबरेबद्दल 'काम आलें कीं दुखतें' असें म्हटलें जातें, त्याच घरांत वीस वर्षांनीं तेंच वाक्य तेंच दुसऱ्या पिढीकडून ऐकावें लागतें. पण हें सूड म्हणून सांगण्यासारखें नाहीं, केवळ असें घडत आलें आहे.

खेड्यांत उसण भरली म्हणजे पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय दुखऱ्या कंबरेला लावून घेण्याची चाल आहे. आमच्यासारखे शिकलेले लोक या चालीस हंसतात, आणि जन्मतांना पाय आधीं बाहेर आल्यानें पायांत औषधी गुण येतो असें मानण्याचें कारण नाहीं, हें उघड आहे. तथापि या चालींत एक गोष्ट अशी आहे कीं जी आमच्या पुष्कळ दवाखान्यांत सांपडत नाहीं. पायाळू बोलावला जातो तेव्हां कुणीतरी दुखणाराचें म्हणणें ऐकलेलें असतें. तें खरें मानलेलें असतें. तो यावयाचा म्हणून घर क्षणभर थांबतें. आणि दुखतें त्या जागीं, नेमकें तिथेंच, दुसऱ्या माणसाचा स्पर्श होतो. वयाचा उल्लेख कुणी करीत नाहीं. आमच्या माहितींतील एका वृद्ध गृहस्थांस शहरांतल्या एका दवाखान्यांत दोन तास बसावें लागलें, चार मिनिटें बोलावयास मिळालीं, आणि त्या चार मिनिटांत त्यांच्या पाठीस कुणी हात लावला नाहीं. हात लागला तो चित्रास. चित्र उजेडासमोर धरून 'या वयांत असेंच असावयाचें' असा अभिप्राय मिळाला. ते घरीं येऊन म्हणाले, एवढें तर मला घरींच सांगत होते.

त्या दिवशीं नाकाडोंगरीस, बायकांनीं धुऱ्यावर बसून शिदोरी सोडली तेव्हां, आम्हीहि तेथेंच टेकलों. उठतांना आमचा हात आपोआप कमरेकडे गेला, तें आजीनें पाहिलें.

"तुमची बी कंबर दुखते का जी?"

"आतां वय झालें," आम्ही म्हणालों.

"वय झालं तं मी बी म्हणतो," ती म्हणाली. "पण तुम्ही काम का करता?"

आम्ही सांगितलें कीं आमचें काम बसून लिहिण्याचें आहे.

तिनें जरा वेळ विचार केला. "बसून बी दुखते का!" असें म्हणून ती बाकीच्यांना हांक मारीत, गुडघ्यांवर हात टेकीत, दुसऱ्या बांधींत उतरली.